शब्दचर्चा: शाळेच्या ‘व्हिजन’साठी गावाकडून नक्की काय मागवायचं? सूचना, मतं की अभिप्राय?

सड्यावरची
गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पुढच्या काही वर्षांत शाळा कशी असावी हे गावाला विचारून मग लिहून काढायचंय आणि त्याची नोटीस माझ्या गळ्यात पडलीय. हाती आलेला मसुदा असा, ‘शाळेची दूरदृष्टी निश्चित करण्याकरिता समाजाच्या सूचना मागविण्यात येत आहेत.’ वाचून मलाच कळेना की कोणी कोणाला काय सांगायचंय. दूरदृष्टी बरोबर आहे का? सूचना ठीक वाटतं का? जरा लवकर सांगा, प्रिंट काढायचीय.

माडाखालचा
दूरदृष्टी हा माणसाचा गुण झाला, अमक्याला दूरदृष्टी होती असं म्हणतो आपण, ती सभा घेऊन निश्चित कशी करणार? ध्येय लिहा सरळ. ध्यै धातू, म्हणजे ज्याचं ध्यान करायचं, ज्यावर चित्त ठेवायचं ते. उद्दिष्ट मात्र अजिबात नको, मुळात त्याचा अर्थ बोट दाखवून नेमलेलं असा चांगला आहे पण सरकारी वापराने त्याचा पार कोटा झालाय, पटनोंदणीचं उद्दिष्ट, वृक्षलागवडीचं उद्दिष्ट, मार्चअखेर पूर्ण करा. लोक त्यात आकडाच शोधणार.

पेन्शनीतला कारकून
ध्येयाचं जाऊ द्या हो, खरी गोची ‘सूचना’त आहे. पंचायत समितीत नोकरी केली म्हणून सांगतो, हा शब्द दोन्ही दिशांनी चालतो. ‘वरून सूचना आल्यात’ म्हणजे हुकूम, गपचूप पाळायचा. ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ म्हणजे लोकांनी बोलायचं आणि साहेबांनी ऐकायचं (निदान ऐकल्यासारखं करायचं). आणि शाळेच्या सूचनाफलकावर काय असतं? उद्या गणवेशात या, दाखले जमा करा, शनिवारी सकाळची शाळा. तुमची नोटीस त्याच फळ्यावर लागणार ना, मग पालक वरचा शब्द वाचून ‘आता काय नवीन काढलं यांनी’ म्हणत पुढे जातील. हिंदीत तर सूचना म्हणजे नुसती माहिती, त्यांचा ‘सूचना का अधिकार’ तो आपला माहितीचा अधिकार. मूळ धातू सूच्, खुणावणं, सुचवणं. तो अर्थ अजून जिवंत आहे पण फळ्यावर नाही.

माडाखालचा
मग अभिप्राय?

पेन्शनीतला कारकून
अभिप्राय सगळं झाल्यावर देतात. पाहुणे येतात, चहा पितात, अभिप्राय वहीत ‘शाळा पाहून आनंद झाला’ लिहितात, खाली सही. अजून न घडलेल्यावर कसला अभिप्राय. आणि मतं मागायला लागलात तर गावात पहिला प्रश्न, उभं कोण राहिलंय?

तिठ्यावरसून
आमच्या हय ह्या कामाक शब्द आसा, गाऱ्हाणा! घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे देवासमोर उभं राहून अख्ख्या गावाच्या वतीने काय हवंय, कशातून सांभाळ ते मोठ्याने सांगायचं आणि प्रत्येक मागणीला मागून सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’. गावान मिळान पुढचा मागणा, आनि काय व्हया?

पेन्शनीतला कारकून
झकास, पण गाऱ्हाण्यात बोलतो एकटाच, बाकीचे होकार भरतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बऱ्याच सभा तशाच होतात म्हणा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात असं आहे, शाळा विकास आराखडाही समितीनेच करायचा. तेव्हा ‘आराखडा’ त्या कागदासाठी राखून ठेवा, त्यात खोल्या, शिक्षक, खर्च असा हिशोब येतो. तुम्ही मागताय ते त्याच्या आधीचं.

न्यूजर्सीहून
आमच्या इथल्या स्कूल डिस्ट्रिक्टने हेच चालवलंय, ‘गायडिंग व्हिजन’साठी लोकांना फॉर्म पाठवलेत. आईला फोनवर सांगताना मी शालेय जिल्हा म्हटलं तर तिला रत्नागिरीएवढा पसारा वाटला. तसं नाही, हा फक्त शाळांचा कारभार, बहुतेक ठिकाणी त्याचं बोर्ड लोक निवडून देतात आणि मोठा पैसा घरपट्टीसारख्या करातून येतो. देशात असे १३ हजारांच्या आसपास आहेत, काही अगदी एका गावापुरते. म्हणून इथे कम्युनिटीत ज्यांच्या घरात शाळेत जाणारं पोर नाही तेही आले, कर तेही भरतात. तुमच्या ‘समाज’मध्ये कोण कोण येतं?

सड्यावरची
तेच तर! समाज म्हटलं की इथे विचारतात कुठला समाज, आणि मग ज्ञातीच्या मंडळाच्या लेटरहेडवर पत्र येतं. समुदाय फारच पुस्तकी. ग्रामस्थ करू का?

माडाखालचा
ग्रामस्थ चांगला, पण एकटा नको, पालक वेगळं लिहा, नाहीतर बायका समजतात की सभा पुरुषांची. शिवाय अर्धं गाव मुंबईत. देवळाच्या पत्रिकेत कसं छापतात, ‘समस्त ग्रामस्थ व मुंबईकर मंडळी’, ते उचला. फक्त ‘लोकसहभाग’ कुठेही लिहू नका, लोकांना लगेच पावतीपुस्तक दिसायला लागतं. आणि नामं कशाला शोधताय, क्रियापद वापरा की. ‘आपली शाळा पुढे कशी असावी? पालक, ग्रामस्थ, माजी विद्यार्थी, मुंबईकर मंडळी, तुम्हाला काय वाटतं ते सांगा.’ दूरदृष्टीही गेली आणि सूचनाही.

तिठ्यावरसून
सांगा का कळवावे?

माडाखालचा
कळवावे म्हटलंत की आलं परत ऑफिस. सांगा.

सड्यावरची
‘सांगा’ घेतलं. शिमग्याच्या आधी लावते म्हणजे पालखीला आलेले चाकरमानीही वाचतील, ज्यांना लिहिता येत नाही त्या आज्यांचं अंगणवाडीताई विचारून लिहून घेणार आहेत. मुख्याध्यापकांना मजकूर पसंत आहे, फक्त ते म्हणतायत वर मोठ्या अक्षरात ‘सूचना’ पाहिजेच, त्याशिवाय ती नोटीस वाटत नाही.