क्लासमध्ये तोंडच उघडत नाही, पार्टिसिपेशनचे २० मार्क जाणार बहुतेक

लातूरची_लेक:
बारावीपर्यंत मराठी मिडियम, आता पुण्यात एमबीए पहिलं वर्ष. एका विषयात १०० पैकी २० मार्क नुसते क्लासमध्ये बोलण्याचे. केस स्टडी (वर्गात चर्चेला दिलेला एखाद्या कंपनीचा प्रसंग) रात्री जागून वाचते, कडेला पेन्सिलने मुद्देसुद्धा लिहिते, पण मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत तोच मुद्दा दुसरं कोणीतरी बोलून मोकळं होतं. परवा हात अर्धा वर नेला, सरांनी बघितलं, आणि मी केस सारखे केल्यासारखं केलं. हसू नका प्लीज. कोणाचं असं होऊन नंतर सुधारलंय का?

मागचा_बाक:
हसत नाहीये, मी पेन खाली पाडायचो. सुरुवातीच्या दहा मिनिटांत बोलून टाक, तेव्हा सोपे मुद्दे शिल्लक असतात, नंतर हुशार मंडळी सगळं चाटूनपुसून नेतात. पहिलं वाक्य वहीत अख्खं लिहून ठेव. आणि केसमधला एखादा आकडा धर, पान नंबरासकट. आकडा सांगणाऱ्याला सहसा कोणी मध्ये तोडत नाही.

खडू_फळा:
मी शिकवतो, त्यामुळे थोडं आमच्या बाजूचं पण ऐक. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातल्या टेप ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात, आणि ३ सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. हे वाचल्यापासून मी मनात तीन मोजतो, पहिला आठवडा ती शांतता जीव खायची. तुझ्या सरांना केबिनमध्ये जाऊन सांग की आधी दोन मिनिटं शेजारच्याशी बोलू द्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

शुद्ध_तूप:
सगळं इंग्रजीवर ढकलू नका हो. मी केजीपासून इंग्लिश मिडियम तरी गप्पच, कारण घरी कायम ‘मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही’. त्यात एक मुलगा दरवेळी माझं वाक्य तोडायचा. एकदा म्हणलं, ‘थांब, माझं होऊदे.’ आवाज थरथरत होता पण तो थांबला की.

लातूरची_लेक:
आज बोलले!! आकडा बरोबर होता, पान चुकीचं सांगितलं, अख्खा वर्ग पानं उलटत बसला. केबिनचं उद्या बघते.