मे महिन्यातलं आजोळ, पाहुणे आणि भेटीगाठी: तुमचेही अनुभव लिहा

पागोळी
यंदा आईला आणि मुलांना घेऊन आजोळी गेले होते, राजापूरजवळ. पोचलो आणि मामाने लगेच यादी सांगितली. थोरल्या आजीकडे जेवण, मावशीकडे चहा, खालच्या वाडीत निदान तोंड दाखवून या, नाहीतर वर्षभर ऐकावं लागतं. मुलं तिसऱ्या घरी सरबत पिऊन पेंगायला लागली.

पण एका दुपारी मागल्या पडवीत गेले, तर आई आणि तिची शाळेपासूनची मैत्रीण रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसलेल्या. दोघींची लग्नं झाली, गावं बदलली, तरी मे महिन्यात दोघी माहेरी असतातच. माझ्या लहानपणीही ही मावशी दुपारी मागल्या दारानेच यायची. पुढल्या दाराने पाहुणे, मागल्या दाराने मैत्रिणी. रातांबा दोन तळव्यांत दाबून उघडायचा, साल एका परातीत, गर आणि बिया दुसऱ्या भांड्यात. हात कोपरापर्यंत लाल, आणि बोलणं इतक्या हळू आवाजात की आम्हा पोरांना फक्त हसणं ऐकू यायचं. कामाच्या निमित्तानेच त्या बायकांना बसायला मिळायचं, हे मला आत्ता कळतंय.

तुमच्याकडे कसं असायचं? कुणाकुणाला भेटायचात, कोण यायचं? लिहा सगळ्यांनी.

कापाफणस
मस्त लिहिलंय! आमच्याकडे फणस फोडायला आजोबाच. हाताला खोबरेल लावून बसायचे आणि आम्ही गोल करून भोवती. कापा पाहुण्यांना, बरका सांदणांना. आठळ्या चुलीत.

बाकी सविस्तर रात्री लिहिते, कुकर लावलाय.

जुनाखलाशी
आम्ही बोटीने जायचो. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघायची. ट्रंका, वळकट्या, मडक्यात पाणी, डेकवर जागा धरायला पळापळ. बोट थेट किनाऱ्याला लागायची नाही, मुसाकाजी बंदराला खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावात उतरायचं. खलाशी लहान मुलांना अक्षरशः झेलून घ्यायचे. आईचा जीव मुठीत, आम्हाला मात्र तीच खरी मजा.

पावसाळ्यात बोट बंद व्हायची, त्यामुळे परतीचा दिवस आधीच ठरलेला. आजी किनाऱ्यापर्यंत यायची. पडाव सुटला की पदर डोळ्याला लावायची आणि तरी ओरडून सांगायची, "आंब्याची पेटी उन्हात ठेवू नका रे!"

वऱ्हाडी_ठेचा
कोकणवाले सुरू झाले की थांबत नाहीत 😄 आमचं आजोळ अकोला. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. दुपारी बाहेर पडायची सक्त मनाई. दारं लावून, वाळ्याच्या ताट्या ओल्या करून सगळी भावंडं कूलरसमोर एका सतरंजीवर. कूलरच्या समोरची जागा मामेभावाची, कारण पाणी भरायचं काम त्याचं!

आणि कुरडया. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, मग वाटून सत्त्व काढायचं आणि रात्रभर निवळू द्यायचं. पहाटे आजी, मामी, आई आणि शेजारच्या काकू गच्चीवर. ऊन चढायच्या आत सगळ्या कुरडया घालून झाल्या पाहिजेत. आम्हाला वाटीत गरम चीक, वर तेल. तो खायला आम्ही न उठवता उठायचो. शेजारच्या काकूंकडे दुसऱ्या दिवशी कुरडया असल्या की आमच्या घरच्या सगळ्या तिकडे. मदत अशी घरोघर फिरायची.

कापाफणस
चीक!!! तोंडाला पाणी सुटलं.

सोनटक्का
सगळ्यांचं वाचलं, छान वाटलं. मी मात्र या सगळ्या गोष्टींतली मामी.

लग्न करून आले तेव्हा मे महिन्यात नणंदा, त्यांची मुलं, चुलत सासरे, सगळे आमच्याकडे. सकाळी घावणे घालायला बसलं की शेवटच्याचं होईतो पहिला परत भुकेला. अढीतले आंबे रोज उलटून बघायचे, पेंढ्यातून पिकलेले निवडायचे, डागी आधी संपवायचे. चांगला आंबा पाहुण्यांच्या ताटात. माझं माहेर देवगडकडचं. पण सगळे आपापल्या घरी गेले की मगच मी जायची, तोवर पाऊस दाराशी आणि झाडावरचा आंबा संपलेला. आई माझ्यासाठी साटं करून ठेवायची, कधी बरणीत मोरंबा.

मला त्या माणसांचा राग नाही. नणंदेच्या मुली अजून माझ्याच गळ्यात पडतात आधी. पण तेव्हा एकीने जरी म्हटलं असतं, वहिनी, यंदा तू आधी माहेरी जा, आम्ही बघतो इथलं, तर फार बरं वाटलं असतं.

पागोळी
सोनटक्का, तुमचं वाचून मामीला फोन केला. तिचंही असंच असायचं, जूनमध्ये जायची. पुढच्या वर्षी आम्ही जाऊ तेव्हा तिला पंधरा दिवस आधी पाठवायचं, स्वयंपाक आम्ही बहिणी करणार, असं मामाला स्पष्ट सांगितलंय.

वऱ्हाडी_ठेचा
हे झकास केलंत. सोनटक्काताई, तुम्हाला मनापासून नमस्कार.

बोगदेमोज
आम्ही रेल्वेवाली पिढी. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि बाबांच्या एसटीतल्या उलट्या थांबल्या 😀 करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. आत शिरली गाडी की आम्ही भावंडं श्वास धरायची पैज लावायचो, कुणालाच जमायचं नाही. स्टेशनवर काका टमटम घेऊन उभा. घरी पोचेपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला सांगत जाणार, "दादाची पोरं आली!"

जुनाखलाशी
पागोळी, राजापूरला होतात तर गंगेवर, त्या अधूनमधून प्रकटणाऱ्या झऱ्यांवर, गेलात का?

पागोळी
नाही हो काका, भेटीगाठींतच दिवस गेले. उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर मुलांना नेलं. तिथेही आईची वर्गमैत्रीण भेटली, मग काय, तासभर तिथेच!

कापाफणस
रात्रीचं राहिलं, उद्या नक्की. पागोळी, रातांब्यांच्या बियांचं काय करता? फेकू नका.

पागोळी
छे, वाळवून तेल काढतो. आजी थंडीत टाचांना लावायची. साली रसात बुडवून वाळवतो, परत रसात, परत उन्हात. चार ऊन-पुटं दिली की आमसुलं काळीभोर.

बोगदेमोज
पुढच्या मेचं ठरवणाऱ्यांनो, रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. मार्चमध्ये सकाळी आठला तयार राहा.

सोनटक्का
हे बरं सांगितलंत. पागोळी, मामींचं तिकीट तुम्हीच काढा हं, त्या स्वतःहून काढणार नाहीत.