पबच्या दारावर ‘सलून’ का?

नवी_बर्मिंगहॅमकर:
मंडळी, चार महिन्यांपूर्वी बर्मिंगहॅमला आले. दर गुरुवारी ऑफिसचं टोळकं पबात जातं, मी लाइम-सोडा घेऊन बसते. त्या जुन्या पबला दोन दारं आहेत. एकाच्या नक्षीदार काचेवर ‘पब्लिक बार’, दुसरीवर ‘सलून बार’. मला वाटलं, इथे केसही कापतात की काय! कुठूनही शिरा, आत खोली एकच. मग दारं दोन कशाला? ऑफिसात कुणालाच सांगता येईना.

चहाबाज:
कटिंग दोन्हीकडे मिळत नाही, एवढं नक्की.

जुना_मिडलंड्सवाला:
न्हाव्याचं सलून आणि हे, शब्द मुळात एकच: बैठकीची मोठी खोली. मी १९८१ पासून इकडे आहे. तुमच्या पबातली मधली भिंत पाडलेली दिसते, बऱ्याच ठिकाणी पाडली. पूर्वी पब्लिक बारात नुसत्या फळ्या, डार्ट, डॉमिनो आणि कामावरच्या कपड्यांतली माणसं. सलूनमध्ये गालिचा, गादीच्या खुर्च्या, आणि त्याच पिंपातली बिअर पेनी-दोन पेनी महाग! काउंटर मधोमध, वाढणारा दोन्हीकडे वाढायचा.

व्हिक्टोरियन काळात तर काउंटरवर तोंडासमोर फिरत्या काचेच्या झडपा असत, ‘स्नॉब स्क्रीन’. साहेबांचा ग्लास दिसावा, चेहरा नको. आपल्या बर्मिंगहॅममधल्या ‘बार्टन्स आर्म्स’मध्ये (१९०१) त्या अजून आहेत. भिंतींवरच्या मिंटन टाइल्ससाठी तरी जाऊन या.

(मी आलो तेव्हा दुपारी मात्र पब बंद असत. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून केलेला नियम १९८८ पर्यंत चालला. नवा होतो तेव्हा तीनदा बंद दारावरून परत आलोय.)

नवी_बर्मिंगहॅमकर:
म्हणजे पिंप एक, पंगती दोन!

जुना_मिडलंड्सवाला:
पंगत म्हणालात म्हणून सांगतो. तुमच्यापासून चारेक मैलांवर स्मेथिक आहे. तिथे ओतकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या पंजाब्यांना कित्येक पबांत फक्त पब्लिक बारातच वाढत. सलून आणि स्मोक रूम (तीही बसायची वेगळी खोली) गोऱ्यांसाठी. इंडियन वर्कर्स असोसिएशन या भारतीय कामगारांच्या संघटनेची माणसं निषेध म्हणून मुद्दाम त्या खोल्यांत जाऊन बसायची. १२ फेब्रुवारी १९६५ ला त्यांनी अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स याला बोलावलं. तिथल्या ‘ब्लू गेट्स’ पबच्या स्मोक रूममध्ये त्यालाही नकार मिळाला, पब्लिक बारात जा म्हणाले. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कात त्याचा खून झाला. पबातल्या असल्या भेदाला कायद्याने बंदी आली ती त्याच वर्षी.

आता त्याच भागातले कितीतरी पब पंजाब्यांच्या मालकीचे आहेत. पिंटबरोबर तंदुरी मिक्स ग्रिल, शनिवारी टेबल मिळायची मारामार. जाल तेव्हा एक लक्षात ठेवा: लाइम-सोडा पीत असलात तरी सगळ्यांसाठी एक राउंड तुम्हीही आणायचा असतो. चार महिन्यांत आणलात ना?