बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्यांना गोलात बसवून बोलतं करावं का?

रानवारा:
गोळीबारामुळे गाव सोडून आलेल्यांची एक छावणी आहे. काही कुटुंबं बाजारातल्या बॉम्बस्फोटातून वाचलेली आहेत. आमचे १२ स्वयंसेवक तिथे दोन आठवड्यांसाठी जाणार आहेत. त्यात समुपदेशक दोनच, बाकी शिक्षक, परिचारिका आणि विद्यार्थी. प्रशिक्षण एक दिवसाचं. बेत असा की पंधरा-पंधरा जणांना गोलात बसवायचं आणि प्रत्येकाने काय पाहिलं ते सांगायचं, म्हणजे मन मोकळं होईल. गटातले एक जण बोटांनी ठरावीक बिंदूंवर टकटक करायची पद्धत शिकून आलेत, तीही वापरू म्हणतात. यातलं काय ठेवावं, काय गाळावं? मुलांशी कसं वागायचं? आणि डॉक्टरकडे कोणाला पाठवायचं हे आम्ही कसं ओळखायचं?

शुक्रतारा:
गोल आधी रद्द करा. ही कल्पना डीब्रीफिंगमधून आली आहे, म्हणजे घटनेनंतर लगेच बसवून काय घडलं ते बोलतं करायच्या बैठकीतून. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये ती मांडली ती अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी, म्हणजे एकमेकांना ओळखणाऱ्या, कामावरच्या चमूसाठी. पुढे ती सरसकट पीडितांवर वापरली गेली. एकाच बैठकीतल्या डीब्रीफिंगच्या चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन या संशोधन-संस्थेचा आढावा २००२ मध्ये आला. त्या चाचण्या बहुतेक एकेकट्या व्यक्तींवरच्या होत्या. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार, टळतो असं दिसलं नाही, उलट एका चाचणीत वर्षभराने त्याचा धोका वाढलेला निघाला. गोलात तर आणखी एक भर पडते: ज्याने फक्त आवाज ऐकला होता, तो आता शेजाऱ्याने पाहिलेलं सगळं डोक्यात घेऊन झोपायला जातो.

त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार शिका. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची क्षेत्रीय पुस्तिका याच कामासाठी आहे, आणि ती बिगर-तज्ज्ञांसाठीच लिहिलेली आहे. बघा, ऐका, जोडून द्या, एवढाच तिचा सांगाडा. एक दिवसाच्या प्रशिक्षणात हे बसतं, पण निम्मा वेळ जोडीजोडीने सराव हवा. नुसत्या स्लाइड दाखवल्या तर माणसं छावणीत जाऊन पुन्हा 'नेमकं काय झालं?' हेच विचारतात.

एखाद्याला स्वतःहून सांगायचं असेल तर ऐका. तपशील खणू नका आणि मध्येच थांबवूही नका. 'आत्ता तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची आहे?' हा प्रश्न पुरतो. उत्तर बहुधा औषध, कागदपत्रं, हरवलेला माणूस किंवा रात्री शौचालयापर्यंत जायची भीती असं येतं. ते सुटलं की मनावरचा ताणही उतरतो. छावणीतला दिवा दुरुस्त करून घेणं हेही मानसिक आधाराचंच काम आहे, भले तसं वाटत नसलं तरी.

पाणपोई:
शुक्रताराशी सहमत. प्रत्यक्ष बसल्यावरचं थोडं.

समोरासमोर न बसता जरा तिरकं बसा. दार आणि ती व्यक्ती यांच्यामध्ये तुम्ही येऊ नका. नाव आणि संस्था सांगा, 'थोडा वेळ बसू का?' असं विचारा. नको म्हटलं तर कुठे सापडाल ते सांगून उठा. पाणी द्या. विचारल्याशिवाय पाठीवर हात ठेवू नका.

स्फोटातून आलेला माणूस हाकेला उत्तर देत नसेल तर 'धक्क्यात आहे' असं लगेच ठरवू नका. स्फोटाच्या दाबाने कानाचे पडदे फाटतात, त्याला ऐकूच येत नसेल. दम लागणं, छातीत दुखणं, उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी यातलं काही असेल तर आधी परिचारिकेकडे. फुप्फुसाची किंवा डोक्याची इजा बाहेरून दिसत नाही. शरीर तपासून झाल्यावरच घबराट म्हणा.

घबराटीत श्वासाचा व्यायाम सगळे शिकवतात: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेर सोडणं लांबवल्याने नाडी मंदावते. पण डोळे मिटायला लावलं की अनेकांना तेच दृश्य दिसू लागतं. ढिगाऱ्याखाली अडकलेल्याला किंवा धुरात गुदमरलेल्याला श्वासाकडे लक्ष दे म्हटलं तर घाबरगुंडी वाढते. तिथे डोळे उघडे ठेवून तळवे जमिनीवर दाबायला सांगा, भोवती दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा, आज वार कोणता ते विचारा. आधी स्वतः करून दाखवा.

'नशीब, तुम्ही तरी वाचलात', 'विसरून जा', 'मला कळतंय तुमचं दुःख', 'मुलांकडे बघून खंबीर व्हा' ही वाक्यं गाळा. पहिल्या वाक्याने तर जे गेले त्यांच्याबद्दलचा अपराधभाव आणखी टोचतो.

कुंपणापलीकडे:
बेपत्ता नातेवाइकांबद्दल एक नियम पाळा: मृत्यूची बातमी स्वयंसेवकाने अंदाजाने द्यायची नाही आणि 'सापडतील हो' असंही म्हणायचं नाही. रेड क्रॉस-रेड क्रेसेंटची कुटुंब-शोध सेवा असते. तिचा अर्ज कुठे भरतात ते पहिल्या दिवशीच माहीत करून घ्या.

दुभाषा म्हणून घरातल्या मुलाला वापरू नका, आईवरचा अत्याचार त्याच्या तोंडून वदवला जाईल. दुभाषा विरुद्ध गटातला आहे का, हेही आधी तपासा. नाहीतर माणसं मान डोलावतात, बोलत काहीच नाहीत.

मुलांसाठी रोज ठरलेल्या वेळी खेळ, तीच जागा, तेच चेहरे. स्फोटाचं चित्र काढायला सांगू नका. काढलं तर बघा, अर्थ लावू नका. मोठी मुलंही पुन्हा अंथरूण ओली करतात. शिक्षा करू नका, लाजवू नका, हे असं होतं हे आईबापांना समजावून सांगा.

सांजवात:
कोणाला पाठवायचं? आत्महत्येचा विचार, दुसऱ्याला इजा करण्याची भीती, स्वतःची किंवा मुलांची देखभाल न जमणं, भलतंच ऐकू येणं, आधीपासूनची मानसिक आजाराची किंवा फेफऱ्याची औषधं संपणं: त्याच दिवशी, सोबत घेऊन जा, नुसती चिठ्ठी देऊ नका. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, तेव्हा आडून विचारू नका.

झोप न लागणं, दचकणं, दृश्यं डोळ्यांपुढे येणं पहिल्या आठवड्यांत बहुतेकांना होतं. पीटीएसडीचं निदान महिना उलटल्याशिवाय होत नाही. तोवर 'तुम्हाला ट्रॉमा झालाय' असा शिक्का मारू नका. परिचारिका सोबत आहेत म्हणून सांगते: शांत झोपेसाठी डायझेपामसारख्या गोळ्या वाटू नका. घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यातल्या तणावाच्या लक्षणांवर बेंझोडायझेपाइन (डायझेपामच्या गटातली औषधं) देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय.

टकटक गाळा. ईएमडीआरची (डोळ्यांच्या हालचाली करवत त्रासदायक आठवणीवर काम करणारी उपचारपद्धती) गोष्ट वेगळी, पीटीएसडीवर तिला पुरावा आहे, पण ती प्रशिक्षित उपचारकाच्या हातात. व्हिडिओ पाहून दोन आठवड्यांत आठवण उघडायची आणि मिटायच्या आधी निघून यायचं, हे नको. बिगर-तज्ज्ञांना पुढे काही शिकायचंच असेल तर 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' हा जागतिक आरोग्य संघटनेचा मानसिक आधाराचा कार्यक्रम बघा: पाच आठवडी बैठका, प्रत्येकी साधारण ९० मिनिटं. त्यालाही वेगळं प्रशिक्षण आणि देखरेख लागते. तुमच्या दोन आठवड्यांत ते बसत नाही.

रानवारा:
गोल आणि टकटक दोन्ही रद्द. मग दोन समुपदेशकांना कुठे लावू? त्यांना रोज आठ-दहा जण भेटवावेत असा आमचा विचार होता.

सांजवात:
तसं केलं तर उरलेले दहा जण वाऱ्यावर. समुपदेशकांना देखरेखीवर ठेवा. स्वयंसेवक जोडीनेच फिरतील, रोज संध्याकाळी प्रत्येक जोडीला वीस मिनिटं: कोण भेटलं, कुठे अडलं, उद्या कोणाकडे परत जायचं. जो स्वयंसेवक जेवत नाही किंवा सुट्टी घेत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी साहित्य मोजायला बसवा. आणि पोहोचल्याबरोबर एक तक्ता करा: दवाखाना, औषधं, कुटुंब-शोध, स्त्रियांसाठीची सुरक्षित जागा, प्रत्येकाची वेळ आणि तिथे बसणाऱ्याचं नाव. दर दोन दिवसांनी स्वतः जाऊन पडताळा, कारण छावणीत सेवा देणाऱ्या खिडक्या बंद होतात आणि कोणी कळवत नाही. निघायची तारीख लोकांना पहिल्याच भेटीत सांगा. शेवटचे तीन दिवस नवी माणसं घेऊ नका. जी चालू आहेत ती स्थानिक आरोग्यसेवकाच्या ओळखीची करून द्या, तुमच्यासमोर, नावानिशी.