‘शेड्यूल’ला काय म्हणाल? तो वेळ, ती वेळ आणि पाळी

प्रश्न : ऑफिसात एक सूचना मराठीत लिहायची होती. ‘साहेबांचं या आठवड्याचं शेड्यूल टाइट आहे’ याचं मी ‘साहेबांचं या आठवड्याचं वेळापत्रक घट्ट आहे’ असं केलं. वाचणाऱ्या प्रत्येकाला ते खटकलं. शेड्यूल म्हणजे वेळापत्रकच ना? मग अडलं कुठे? आणि रोजच्या बोलण्यात याला दुसरे कुठले शब्द आहेत?

उत्तर : ‘घट्ट’ खटकतोच, पण खरी अडचण ‘वेळापत्रका’ची आहे, आणि तिचं मूळ ‘वेळ’ या शब्दात आहे. मराठीत वेळ पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही, आणि लिंग बदललं की अर्थ बदलतो. ‘निघायची वेळ झाली’ आणि ‘निघून बराच वेळ झाला’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. ती वेळ म्हणजे घड्याळातला एक क्षण. ती होते, टळते, चुकते, पाळता येते. तो वेळ म्हणजे कालावधी. तो जातो, उरतो, वाया जातो, दुसऱ्याला देता येतो. म्हणून ‘गाडीची वेळ काय?’ असं विचारतात, आणि माणसाला मात्र ‘तुला वेळ आहे का?’ लहान मूलसुद्धा यात गोंधळत नाही.

आता अनेकवचन बघा. त्या वेळेचं ‘वेळा’ होतं: गाड्यांच्या वेळा, तासांच्या वेळा, औषधाच्या वेळा. त्या दुसऱ्या, पुल्लिंगी वेळाला अनेकवचनच नाही. वेळापत्रकात आपल्या कानाला ऐकू येतात त्या या ‘वेळा’. म्हणजे वेळापत्रक हे ठरलेल्या क्षणांचं पत्रक. एसटीचं असतं, शाळेचं असतं, परीक्षेचं असतं, भारनियमनाचं असतं, नळाच्या पाण्याचंही असतं. एमपीएससी दरवर्षी स्पर्धा परीक्षांचं ‘अंदाजित वेळापत्रक’ काढते, तिथेही तो शब्द चपखल बसतो, कारण यादी तारखांची आहे. साहेबांच्या बाबतीत तुम्हाला क्षण सांगायचे नव्हतेच. त्यांच्याकडे वेळ उरलेला नाही एवढंच सांगायचं होतं. तिथे मराठी माणूस सहज म्हणेल, ‘साहेबांना या आठवड्यात अजिबात सवड नाही.’ लेखी सूचनेतही हे वाक्य चालेल.

इंग्रजी ‘शेड्यूल’ या दोन्ही अर्थांवर चालतं, आणि आपण त्या दोन्हींसाठी एकच मराठी शब्द शोधत बसतो. माझ्या मते वेळापत्रक ‘पुस्तकी’ वाटतं ते यामुळेच. शब्द पुस्तकी नाही, त्याला नको तिथे बसवलं जातं.

‘वेळापत्रका’बरोबर कुठली क्रियापदं येतात तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ते आखतात, लावतात, पाळतात. बिघडतं, विस्कटतं, आणि मुंबईत मुसळधार पाऊस झाला की लोकलचं वेळापत्रक हमखास ‘कोलमडतं’. मुंबईकराच्या तोंडी तर गाडी आणि तिची वेळ वेगळी उरतच नाही. ‘आठ बावीसची चुकली’ म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. मात्र सगळ्यांची घड्याळं एक असल्याशिवाय वेळापत्रकाला अर्थ नाही, आणि मुंबईत ती फार उशिरा एक झाली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण त्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेला ‘मुंबई टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होता. त्या काळात कुणी ‘दहा वाजता या’ म्हटलं की दहा कुठले, हा रास्त प्रश्न होता.

प्रश्न : सवड, फुरसत, उसंत हे एकच ना?

उत्तर : जवळचे आहेत, पण अदलाबदल करून पाहिली की फरक दिसतो. सवड काढता येते. कामातून वाट करून मिळवलेला तो वेळ आहे. म्हणून ‘सवडीने ये’ हे आमंत्रण आहे, आणि ‘आवड असली की सवड होते’ ही म्हणही तेच सांगते. फुरसत अरबीतून आली. तिच्यात ऐसपैसपणा आहे: फुरसतीत गप्पा मारू. उसंत या दोघींपेक्षा लहान, श्वास घेण्यापुरती. ती बहुतेक नकारातच भेटते, ‘क्षणाची उसंत नाही.’ पाऊस मात्र उसंत घेतो. तो सवड काढत नाही.

भर : मी कालव्याच्या पट्ट्यातला. आमच्याकडे वेळापत्रक हा शब्द शाळेपुरता. शेतात शब्द एकच, पाळी. धरणातून कालव्याला पाणी सुटतं ते आवर्तन. हंगामात किती आवर्तनं मिळणार ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. आपण नमुना सातवर पाणी मागणी अर्ज भरायचा, आणि मंजुरी मिळाली की चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटावर, कुणी कुणानंतर पाणी घ्यायचं त्याचा क्रम लागतो. ही शेजपाळी. एका शेताचं झालं की शेजारच्याचं, आणि नियमाप्रमाणे चारीच्या शेपटाकडून मुखाकडे. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला कुणी ‘किती वाजता?’ विचारत नाही, ‘माझी पाळी कधी?’ विचारतात. रात्रीची आली तर रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पाणी वाफ्यावाफ्यात वळवायला, जायचं. पाळी चुकली की पुढच्या आवर्तनाची वाट बघायची, आणि तोवर गहू थांबत नाही.

उत्तर : ही भर फार मोलाची आहे. ‘शेजपाळी’ हा शब्द शहरातल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं. नियोजनाची एक पूर्ण वेगळी तऱ्हा त्यात आहे. वेळापत्रक क्षण सांगतं, पाळी क्रम सांगते. पुढच्याचं भरणं लांबलं तर आपली पाळी पुढे सरकते, पण आपला क्रम कुणी हिरावत नाही. शेतीत याच्याही पलीकडे जाणारा एक शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, पेरायला नेमकी झाली, की वाफसा आला. जूनच्या सात-आठ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि सगळ्यांच्या तोंडी मृगाची पेरणी येते, पण शेवटी चाडं धरायचं, म्हणजे पाभरीतून बी सोडायचं, ते वाफसा बघून. तारीख पंचांगात असते, निर्णय मातीत.

गिरण्यांमध्येही पाळीच होती: पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. शहरी बोलण्यात पाळीला मासिक पाळीचा अर्थ इतका चिकटला की कारखान्यात आणि कॉल सेंटरात ‘शिफ्ट’ आली असावी. ‘रातपाळी’ मात्र टिकली. तिच्यात गैरसमजाला जागाच नव्हती.

याच कुळातले आणखी दोन शब्द घरात रोज वापरात आहेत. ठरलेल्या क्रमाने रोज येणाऱ्या दुधाचा रतीब, आणि तो एखाद्या दिवशी चुकला की खाडा. कामाला येणाऱ्या मावशींचा खाडा, शिकवणीला खाडा. ‘आज स्किप झालं’ असं म्हणणाऱ्याला खाडा हा शब्द द्यावा, लगेच उचलेल.

प्रश्न : मंत्र्यांच्या बाबतीत ‘दौऱ्याचा कार्यक्रम’ म्हणतात, निवडणुकीचाही ‘कार्यक्रम’ जाहीर होतो. तिथे वेळापत्रक का नाही?

उत्तर : कार्यक्रमात कामं मुख्य असतात आणि वेळा त्यांच्यामागून येतात. अधिसूचना, अर्ज भरणं, छाननी, माघार, मतदान, मतमोजणी असा कामांचा तो क्रम. बैठकीची असते ती कार्यक्रमपत्रिका किंवा विषयपत्रिका. घरगुती पातळीवर याचा भाऊ म्हणजे बेत. रविवारी काय बेत आहे, बेत आखला, बेत फसला. ‘वीकएंडला काय प्लॅन?’ याचं इतकं नेमकं मराठी आपल्याकडे असताना ते जेवणाच्या ‘पुरणपोळीचा बेत’पुरतंच उरावं, हे मला सोसत नाही. रोजनिशी मात्र यात धरू नये. ती घडून गेलेल्याची नोंद. पुढचं ठरवण्याचं काम तिचं नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या नोटिशीत एकदा ‘सभा मुलतवी’ लिहिलं, एकदा ‘तहकूब’. फरक आहे का?

उत्तर : आहे, आणि नोटिशीत तो पाळावा. सभा भरायच्या आधीच तारीख पुढे ढकलली तर मुलतवी. सभा बोलावली, लोक जमले, पण गणसंख्या भरली नाही किंवा काम अर्धवट राहिलं, तर तहकूब. तीच सभा तेच विषय घेऊन नंतर पुढे चालते. म्हणूनच नोटिशीच्या शेवटी ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल’ असं वाक्य असतं. तिथे ‘मुलतवी’ बसणार नाही. कायमचीच मोडली तर रद्द. हळूहळू कुणी विचारेनासं झालं आणि विरली, तर बारगळली. आणि कुणी मुद्दाम दिवसांवर दिवस घालवत असेल तर लांबणीवर टाकणं. बारगळण्यात कुणाचा दोष नसतो, लांबणीवर टाकण्यात असतो; तक्रारअर्ज लिहिताना शब्द निवडायचा तो हे पाहून.

शेवटची शंका एका विद्यार्थ्याची : भाषांतराच्या पेपरात ‘शेड्यूल्ड बँक’ला ‘नियोजित बँक’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. इथे शेड्यूलचा वेळेशी संबंधच नाही. कायद्याला जोडलेली यादी, म्हणजे अनुसूची, असा तो अर्थ आहे. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत जिचं नाव आहे, ती अनुसूचित बँक. अनुसूचित जाती आणि जमाती हे शब्दही याच अर्थाने आले. ‘नियोजित बँक’ म्हणजे जी अजून निघायची आहे ती.