तालुक्याच्या केबलवाल्यानं बीजीपी कायले लावावं?

संत्राबाग, वरुड तालुका
आमची साडेसहाशे कनेक्शनं. एक लाइन अमरावतीहून, दुसरी नागपूरहून. राउटरवर दोन स्टॅटिक डिफॉल्ट रूट (बाहेर जायचे हातानं ठरवून दिलेले रस्ते), पहिला पडला की दुसरा. पोळ्याच्या दिवशी अमरावतीची फायबर कुठंतरी तुटली, पण आमच्या मीडिया कन्व्हर्टरचा (फायबर अन् तांब्याची केबल जोडणाऱ्या डब्याचा) दिवा हिरवाच. राउटरला वाटलं सगळं ठीक आहे. अडीच तास ट्रॅफिक खड्ड्यात जात होतं अन् मी सासुरवाडीला पुरणपोळी खात होतो. माझं मत पक्कं झालंय: आयआरआयएनएनकडून (भारतात इंटरनेटचे पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून) स्वतःचा एएस नंबर, म्हणजे आपल्या नेटवर्कचा ओळख क्रमांक, अन् स्लॅश २४, म्हणजे २५६ पत्त्यांचा गट, घ्यायचा, अन् दोघांशीही बीजीपी लावायचं, म्हणजे कोणते पत्ते कोणत्या लाइनीनं पोचतात हे राउटरांनीच एकमेकांना सांगायचं.

बोंडअळी
बावा, खांबावर तूच चढतं, वसुली तूच करतं, आता बीजीपीबी तूच पाहशीन? गेटवे, म्हणजे लाइनीचं पहिलं टोक, सोड, पलीकडचा एखादा पत्ता पिंग करत राह्य, उत्तर नाही आलं का रूट पाड. दहा मिनिटांचं काम. अन् तुह्या राउटरले रॅम किती? पूर्ण टेबलात, म्हणजे साऱ्या इंटरनेटच्या रूटच्या यादीत, ९ लाखांच्या वर रूट हायेत. १२ ऑगस्ट २०१४ ले टेबल ५ लाख १२ हजाराच्या वर गेला तं मोठमोठ्यांचे जुने राउटर आडवे झाले होते.

संत्राबाग
पूर्ण टेबल मागतो कोण? दोघांकडून नुसता डिफॉल्ट घ्यायचा, आपला स्लॅश २४ सांगायचा. पिंगची युक्ती जाणाऱ्या ट्रॅफिकपुरती. लाइन बदलली की पब्लिक पत्ताच बदलतो. मग जिनिंगवाल्याचे कॅमेरे बंद, पतसंस्थेचं व्हीपीएन बंद, अन् फोन मला.

रात्रपाळी, नागपूर
पत्त्याचं बरोबर आहे. पण नेबर एस्टॅब्लिश्ड दिसला, म्हणजे समोरच्या राउटरशी बीजीपी जुळलं, की लोक पेढे वाटतात, आउट फिल्टर, म्हणजे बाहेर कोणते रूट सांगायचे याची गाळणी, राहून जातो. एका छोट्या ऑपरेटरनं एकाकडून शिकलेले रूट दुसऱ्याला सांगून टाकले. अपस्ट्रीम, म्हणजे आपल्याला लाइन देणारा, सहसा ग्राहकाकडून आलेल्या रूटलाच पहिली पसंती देतो, आणि त्याच्या बाजूनंही गाळणी नव्हती. भलत्यांचं ट्रॅफिक याच्या १ गिगच्या पाइपात घुसलं. फिल्टर नसेल तर काहीच घेऊ-देऊ नये, असं २०१७ च्या आरएफसी ८२१२ या इंटरनेटच्या मानकात आहे, पण सगळे राउटर ते पाळत नाहीत. म्हणून सेशन उघडायच्या आधी लिहा: माझा स्लॅश २४ जाऊ दे, बाकी रिजेक्ट. आरओएही, म्हणजे हे पत्ते कोणता एएस सांगू शकतो याचा सहीचा दाखला, बनवून ठेवा.
आणि दिवा हिरवाच राहिला तर बीजीपीही लगेच जागं होत नाही. सिस्कोच्या राउटरवर होल्ड टाइम, म्हणजे समोरचा गप्प झाल्यावर वाट पाहायची वेळ, मुळात १८० सेकंद, म्हणजे तीन मिनिटं. अपस्ट्रीम तयार असेल तर बीएफडी, म्हणजे तुटलेली लाइन झटकन ओळखणारी तपासणी, मागा.

संत्राबाग
अडीच तासांपुढे तीन मिनिटं मी हसत सोसीन.

बोंडअळी
ते सोड. गावातून निंघतानी तुह्या दोनी लाइनी कुठून जातेत? नाल्याच्या पुलावरून ना? तिथं जेसीबी लागला तं तुहं बीजीपी काय करन?

संत्राबाग
सकाळी जाऊन पाहून आलो. पुलाखाली शंभरेक मीटर दोन्ही एकाच पाइपात आहेत.