मदत हवी आहे: 'मोबी डिक'ची कोणती प्रकरणं गाळू?

मंडळी, हर्मन मेल्व्हिलची 'मोबी डिक' कोणी पूर्ण वाचली आहे का? देवमाशाच्या शिकारीवरची १८५१ची कादंबरी, प्रकरणं १३५. आम्ही देवगडचे. पावसाळी मासेमारी बंदीत होडी वर ओढलेली, म्हणून संध्याकाळी मी वाचतो आणि बाबांना मालवणीत सांगतो. बाबा जुने तांडेल (होडीचे प्रमुख), गुडघ्यांमुळे हल्ली घरीच.

सुरुवात झकास. इश्माएल-क्वीक्वेगची गट्टी बाबांना फार आवडली. पण ३२व्या प्रकरणात गाडी रुतली. देवमाशांची वर्गवारी, तीही पुस्तकांच्या आकारांवरून! बाबा चक्क घोरायला लागले.

वैतागून पुढे चाळलं तर ६०वं प्रकरण सापडलं, नुसतं शिकारीच्या भाल्याला बांधायच्या दोराबद्दल. २०० वावांहून (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) लांब दोर टबात नीट वेटोळी घालून ठेवायचा, कारण एक जरी पीळ राहिला तरी दोर सुटताना कोणाचा हात नाहीतर पाय घेऊन जाणार. बाबा उठूनच बसले. "हो मनीस खराच दर्यार जावन इलेलो आसा!" (खरंच आहे. मेल्व्हिल १८४१मध्ये देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेला होता.)

तर, ३२व्यासारखी आणखी कोणती प्रकरणं गाळली तरी कप्तान आहाबच्या सुडाचा धागा तुटणार नाही? आणि दोरासारखी, प्रत्यक्ष कामाची प्रकरणं कोणती? माझ्या मते अशी गाळागाळ चालते, पण बाबांना क्रम मोडलेला खपत नाही, त्यामुळे जरा कारणासकट सांगा. शेवट मात्र कृपया फोडू नका, आमची पैज लागली आहे.